छपन्न मात्रांनंतर

वरातीतल्या माणसांचे पाय चुकत होते आणि ती चूक कुंताची होती. भंडाऱ्याच्या मोठ्या बाजारात हे तिच्याशिवाय आणखी फक्त एकालाच माहीत होतं. ती सायकलच्या दुकानासमोर उभी होती. दुकानदाराने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून धरली होती आणि एका बारीक भोकातून सारख्या अंतराने वर येणारे बुडबुडे ती बघत होती. मागून बँड येत होता. सिनेमाचं गाणं संपलं आणि पुढचं गाणं ठरायच्या आत क्लॅरिनेटने मध्येच एक तुकडा उचलला. वर चढणारे तीन स्वर, एक थांबा, खाली उतरणारे तीन. पुन्हा तेच, आणि पुन्हा. ढोलवाल्याने त्या सात मात्रा धरल्या. कुंताने घमेल्यावरून नजर हलवली नाही, पण तिच्या मानेमागची कातडी ताणली गेली. हे स्वर कुठे छापलेले नव्हते, रेडिओवर कधी लागले नव्हते. बारा वर्षांपूर्वी नागपूरला, मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर, ओले केस वाळवताना ती ते पहिल्यांदा गुणगुणली होती.

मग ती वळली. नाचणारे आधीच्या गाण्याच्याच ठेक्यात होते, चार पावलं पुढे, चार मागे. बँड सातात गेला तरी त्यांचे पाय आठातच राहिले. टेरिलीनच्या शर्टातला एक जाडजूड माणूस अडखळला, हसला आणि ओरडला, "अबे, बराबर बजाव ना!" पण पायांना त्यांची सवय मोडता येत नव्हती आणि क्लॅरिनेट थांबत नव्हतं. दोन्ही एकमेकांपासून सरकत चालले होते. आणखी थोडे, आणखी थोडे. हे अंतर कसं वाढतं आणि मग कसं आपोआप कमी होऊ लागतं, हे कुंताला ठाऊक होतं. चपलेतला अंगठा तिच्या नकळत दबू लागला होता. आता, ती मनात म्हणाली, आणि त्याच क्षणी सगळे पाय, ढोल आणि तुकड्याचा पहिला स्वर एकदम रस्त्यावर पडले. धूळ उडाली. नाचणाऱ्यांनी आरोळी ठोकली. कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या अंगात सोनेरी दोऱ्यांचा लाल कोट होता आणि कानशिलांवरचे केस पिकले होते. त्याने तिला पाहिलं, वाद्य तोंडातून काढलं आणि तिच्याशी बोलता यावं म्हणून तो चालत्या वरातीत उलटा चालू लागला. "कुंता! आयकलं नं? आयकलं नं तू आता?" तो ओरडला. "तू चुकत नव्हती वो!" नवरदेवाच्या मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, भाषन देता का वाजवता?" लाल कोट गर्दीबरोबर पुढे गेला. दुकानदाराने ट्यूब पुसली आणि म्हणाला, "मॅडम, एकच भोक आहे. पन जुनं आहे."

घरी येईपर्यंत तिने पायडल किती वेळा मारलं आणि कुठे ब्रेक लावला, यातलं काही आठवलं नाही. आठवत होतं ते एक स्टूल. प्रयोगशाळेत असतं तसं, बसायची फळी फिरवली की वर-खाली होणारं. नागपूरला रेल्वे कॉलनीमागच्या एका खोलीत 'वैनगंगा बीट' हा त्यांचा ग्रुप सराव करायचा. भोजराज, आजचा तो लाल कोटवाला, गिटार वाजवायचा, तेजराम ड्रम, आणि ती जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून स्वतः तयार केलेला ऑर्गन. तिघंही भंडाऱ्याकडचे. शॉर्टवेव्हवर खरखरीतून येणारं लांबलचक रॉक ऐकून त्यांच्या डोक्यात एकच वेड भरलं होतं, तीन मिनिटांचं गाणं नको, एक अख्खा प्रवास हवा. तो तुकडा त्या प्रवासाचा शेवट होता. गिटार आणि ड्रम सातात, ऑर्गन आठात. ही कल्पना तिला लंबकांवरून सुचली होती. लांबीत किंचित फरक असलेले दोन लंबक तिने प्रयोगशाळेत एकदम सोडले, आणि ते हळूहळू एकमेकांना सोडून जातात, उलट दिशांना झुलतात आणि मग कोणीही न ढकलता पुन्हा एकत्र येतात, हे बघताना रीडिंग घ्यायचंच राहून गेलं. डेमॉन्स्ट्रेटर रागावले. तिला ते ऐकू आलं नव्हतं. तसंच हे. सात आणि आठ, छपन्न मात्रांनंतर दोघांचा पहिला ठोका एकच. तो ठोका म्हणजे शेवट. त्यानंतर काही वाजवायचं नाही.

तो ठोका एकदाही आला नव्हता. ती आठात शिरली की थोड्याच वेळात ऑर्गन आणि गिटार फाकायचे, आणि तेजराम तिच्याकडे बघून हलकेच हसायचा आणि ड्रमचा ठेका तिच्या बाजूला वळवायचा. त्याच्या घरी भजन होतं, मामाच्या गावी दंडार, म्हणजे तिकडचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य होतं. तिथे गाणारा घसरला तर बाकीच्यांनी मिळून त्याला उचलून घ्यायचं, लोकांना कळू द्यायचं नाही, ही रीत त्याच्या मनगटातच होती. त्याला ते सांभाळून घेणं म्हणत. "हा घोटाळा नाही, असंच आहे," ती सांगायची. तो म्हणायचा, "हो नं, हो," आणि पुढच्या वेळी आणखी लवकर, आणखी हळुवारपणे सांभाळून घ्यायचा. भोजराजने शेवटी हिशेब मांडला, की जिला दर वेळी सांभाळावं लागतं तिला घेऊन गावोगाव कार्यक्रम कसे करायचे? हे त्याने तिला सांगितलं नाही. एका संध्याकाळी ती खोलीत आली तेव्हा स्टुलावर इश्वर नावाचा एक उंच मुलगा बसला होता, ऑर्गनचे खटके एकेक करून बघत. स्टूल त्याच्या उंचीला फिरवून ठेवलेलं होतं. तेजराम ड्रमचा स्क्रू आवळत बसला, खूप वेळ, एकच स्क्रू. ती दारातूनच परत फिरली. पदव्युत्तर परीक्षा झाली, भंडाऱ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी लागली, वडील गेले, आई तिच्याकडे राहायला आली. हे सगळं नीट पार पडलं. पण आत कुठेतरी एक प्रयोग तसाच अर्धवट राहिला होता. हातून निसटला असता तर तिने तो कधीच विसरून टाकला असता. कोणीतरी दर वेळी प्रेमाने हात घालून तो थांबवला होता. म्हणून तिला कधीच कळलं नाही, की कल्पना खरी होती की आपण खरोखरच ताल सोडत होतो. वर्गात मुलांना ती सांगायची, निकालाआधी उपकरणाला हात लावायचा नाही, आणि हे सांगताना तिचा आवाज जरा जास्तच कडक व्हायचा.

रविवारी भोजराज घरी आला. लाल कोटाशिवाय तो लहान दिसत होता. आई, देवकाबाई, दारातच बसली होती, सुपात तांदूळ घेऊन. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत येऊन कुंताला विचारलं, "ह्याच भोजराजनं तुले काढलं होतं नं?"

"हो."

"मंग चाय कायले मांडून राहिली?"

"आई, तो आयकते."

"आयकू दे नं. त्याच्यासाठीच बोलून राहिली मी."

भोजराज हसला, पण नजर वर न करता. बशीतला चहा थंड होऊ देत तो ग्रुपची कुळकथा सांगत गेला. कुंतानंतर इश्वर आला, मग तेजराम वरठीच्या कारखान्यात लागला आणि ड्रमवर कोणी दोन महिने टिकेना, मग अॅकॉर्डियनवाला आला, मग गायिका आली, तिला सिनेमाचीच गाणी यायची, मग सिनेमाचीच गाणी राहिली. इश्वरशी भांडण झालं. इश्वरने साकोलीला 'ओरिजिनल वैनगंगा बीट' काढला, म्हणून भोजराजने लाखनीला 'असली वैनगंगा बीट' अशी पाटी रंगवली. "आता त्याच्याकडेबी ब्रास बँड, माझ्याकडेबी ब्रास बँड," तो म्हणाला. "एकाच लग्नात नवरीकडून असली, नवरदेवाकडून ओरिजिनल. आमी एकमेकाच्या तोंडावर भोंगे फुंकून राहिलो, आन् लोक म्हनतात काय जुगलबंदी आहे!" देवकाबाई सुपाआड हसली आणि लगेच गंभीर झाली. तो तुकडा मात्र बोटांतून गेला नाही, भोजराज म्हणाला. दोन गाण्यांमध्ये वाजवायची सवय लागली होती. आणि मागच्या वर्षी एका वरातीत त्याने पहिल्यांदा पायांकडे बघितलं. "पायाले कोनी सांभाळून घेत नाही नं. पाय आपले चालत राहतात. मंग एका ठिकानी सारं एकदम पडलं. मी रस्त्यावरच थांबलो. मागचा ट्रंपेटवाला माझ्यावर येऊन आदळला." त्याने बशी खाली ठेवली. "तवापासून हरेक वरातीत वाजवतो. तू कुठंतरी उभी राहशीन म्हनून."

कुंताला राग यायला हवा होता. तो शोधायला ती मनात उतरली, तर तिथे राग नव्हता, एक विचित्र, जवळजवळ शारीरिक भूक होती. भोजराज सांगत होता की एकोडीला, तेजरामच्या मामाच्या गावी, मंडई आहे, सुगीनंतरची जत्रा, दुपारच्या दंडारीनंतर मंच मिळतो, जुने सगळे मिळून एकदा, इश्वरही तयार आहे. तिला त्यातलं फक्त एकच ऐकू येत होतं, की निकाल बघता येईल. आणि निकाल म्हणजे तो वाईटही असू शकतो. रस्त्यावरच्या पायांनी जे केलं ते नकळत केलं होतं. जाणूनबुजून, तीन माणसं दुसऱ्या बाजूला ओढत असताना, आठ मात्रा एकटीने धरून ठेवणं वेगळं. तिला ते पूर्वी येत होतं का, याचा पुरावा तिच्याजवळ नव्हता.

"एक अट आहे," ती म्हणाली. "मले कोनी सांभाळाचं नाही."

"नाही सांभाळत."

"तू नाही. तेजराम."

लाखनीला हमरस्त्यालगत एका धानाच्या गिरणीमागे रिकामं गोदाम होतं. बाहेरून ट्रक जात तेव्हा पत्रे थरथरायचे आणि ड्रमच्या कातड्यावर पडलेला कोंडा नाचायचा. तेजराम वरठीहून मोटारसायकलवर यायचा, कारखान्याचा निळा शर्ट अंगात तसाच. कुंताने तेव्हा परत मागवून घेतलेला ऑर्गन माळ्यावरून काढला होता, फुगलेले कंडेन्सर बदलले होते, सोल्डरचा वास कितीतरी वर्षांनी नाकात भरून घेतला होता. स्टूल भोजराजनेच जपून ठेवलं होतं. त्यावर इश्वर बसला होता. तिला बघताच तो उठला, इतक्या घाईने की हार्मोनियमला गुडघा लागला. "मी तुमची जागा घेतली होती असं लोक म्हनतात," तो म्हणाला. आता तो स्थूल झाला होता, चष्मा लागला होता. "खरं सांगू का ताई? मले सांगतलं होतं जागा रिकामी आहे. मंग बारा वर्सं मी तो शेवट शोधत राहिलो. येतच नव्हता. आमी असंच कुठंतरी थांबून जाचो, लोकं टाळ्या वाजवत, आन् मले वाटे आपन लबाडी करून राहिलो." ज्या माणसाचा चेहराही तिने धड पाहिला नव्हता आणि तरी इतकी वर्षं ज्याच्याविषयी मनात काहीतरी घट्ट बांधून ठेवलं होतं, तो तिच्यासारखाच त्याच खोलीत त्याच ठोक्याची वाट बघत बसलेला होता, फक्त दुसऱ्या बाजूने. "बसा," ती म्हणाली. "हार्मोनियम इकडे घ्या, माझ्या शेजारी. तुम्ही सातच धरा. भोजराजसोबत." मग तिने स्टुलाची फळी फिरवली. सुरुवातीला ती गंजामुळे अडली, मग एक किरकिर करत खाली उतरत गेली, तिच्या उंचीपर्यंत.

सराव मात्र मोडत होता. तेजराम मन लावून सात धरायचा आणि ऑर्गन फाकू लागला की त्याचा उजवा हात आपसूक तिच्याकडे वळायचा. "तेजराम!" "हो नं, हो." पुन्हा तेच. चौथ्यांदा त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "कुंता, माझे हात आयकतच नाही. कोनी पडताना दिसलं का जातातच. कारखान्यातबी असंच आहे. साहेब म्हनते, दुसऱ्याच्या मशीनवर कायले जातं?" त्याच्या आवाजात खरी लाज होती. हा हात कधीच तिच्याविरुद्ध नव्हता, हे तिला माहीत होतंच; पण आता ते तिच्या पोटात उतरलं, आणि उतरताना थोडं दुखलं. "मी पडत नाही," ती म्हणाली. "दूर जाऊन राहिली. परत येते मी." मग तिने ड्रम उचलून उलटे लावायला सांगितले, तेजरामची पाठ तिच्याकडे. भोजराज म्हणाला, मंचावर असं बरं दिसत नाही. "न दिसू दे," इश्वर म्हणाला.

एकोडीला धान कापून झालं होतं आणि शेतांतून वाळल्या तणसाचा गोडसर वास येत होता. मंडईत तळ्यातले शिंगाडे उकडून ढिगाने मांडले होते, पाळणा करकरत होता, मुली नव्या बांगड्यांसकट माहेरी आल्या होत्या आणि जावयांना कोणी ना कोणी चहाला ओढत होतं. देवकाबाई पुढच्याच ताडपत्रीवर पाय पसरून बसली आणि शेजारच्या बाईला सांगू लागली, "ते ठेंगनी आहे नं, चष्मेवाली, ते माझी." दंडार नुकतीच संपली होती. ढोलकी वाजवणारे म्हातारे चिंधूबुवा तोंडाचा रंग न पुसता मंचाच्या कडेला टेकले होते, पाहुणे काय करतात ते बघायला. "बाईच्या पेटीत रेडिओ आहे म्हनतात," कोणीतरी म्हणालं. "मंग बातम्या लाव म्हना!"

सुरुवातीच्या लांब भागात लोक बोलत राहिले, उठत राहिले, शिंगाडे सोलत राहिले. भोजराजच्या गिटारचा आवाज सपाट भाताच्या शेतांवरून कुठेही न अडता जात होता, आणि तिला जाणवलं की त्यांना नागपूरला कधी इतकी मोकळी हवा मिळाली नव्हती, भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजातच ते वाजवत होते. इश्वरने हार्मोनियमचा भाता उघडला. मग तो तुकडा आला, वर तीन, थांबा, खाली तीन, गिटार आणि हार्मोनियम आणि ड्रम मिळून एक जड, गोल चाक फिरवावं तसा, आणि तिने त्यात आठ टाकले. पहिल्या फेरीला फक्त कडा निघाली, भांड्यावर झाकण किंचित तिरपं बसावं तशी. दुसऱ्या फेरीला लोकांच्या लक्षात आलं. बोलणं थांबलं. तिसऱ्या फेरीला मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बाई चुकली!" हसू पसरत गेलं, वाईट नव्हे, मंडईतलं, आपल्या माणसाला हसतात तसं. चिंधूबुवांनी मांडीवर थाप मारून तिला सात दाखवायला सुरुवात केली, "असं, माय, असं." म्हणजे तेही. ती प्रेमळ थाप, सांभाळून घेणारा तोच हात. तिच्या डाव्या हाताला एकदम सगळे स्वर परके वाटले. सात तिच्या कानांत, छातीत, मंचाच्या फळ्यांतून तळपायात येत होते. आठ फक्त तिच्या बोटांत होते, आणि बोटांना वाटत होतं की आपण खोटं बोलत आहोत. तिकडे जाणं किती सोपं होतं. एक मात्रा सोडायची, बस. सगळ्यांना बरं वाटलं असतं. पाठमोऱ्या तेजरामचं डोकं वळू लागलं, आधी कान दिसला, मग गाल. काठी हवेत अर्धवट रेंगाळली.

"वाजव तू, पुढं पाह्य," इश्वर भात्यावरून नजर न उचलता म्हणाला. "राहू दे तिले."

तेजरामचं डोकं पुढे गेलं. काठी खाली आली ती सातावरच, पूर्वीपेक्षा जोरात, आणि त्या जोराने तिला काहीतरी मिळालं जे इतकी वर्षं कोणीच दिलं नव्हतं, टेकायला नव्हे तर मोजायला एक पक्की बाजू. ती आता अगदी टोकाला होती, तिथे दोघांत काही नातं आहे असं कोणी म्हणालं नसतं. तिथे भीती असेल असं तिला वाटलं होतं. तिथे जागा होती. गच्चीवर होती तशी, केस वाळवताना. तिने मान वर केली आणि समोरची माणसं पहिल्यांदा नीट पाहिली. देवकाबाई हसत नव्हती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती, आणि तिच्या पायाचा अंगठा हलत होता. आणि मग, कोणीही न ढकलता, अंतर मिटू लागलं. आधी भोजराजला कळलं. त्याचा चेहरा वरातीतल्यासारखा झाला. हसू थांबलं. चिंधूबुवांची थाप मांडीवर येता येता वरच राहिली, त्यांनी कान टवकारला, एकदा तिच्याकडे, एकदा ड्रमकडे. ती घाई करणार नव्हती. एका मात्रेचंही ऋण घेणार नव्हती. पाच. सहा. सात. आठ.

तो ठोका मंचावर पडला तेव्हा चौघांचा मिळून एकच आवाज होता. इतका एक, की त्यात ऑर्गन कोणता आणि ड्रम कोणता हे तिलाही वेगळं काढता आलं नाही. त्यानंतर त्यांनी काही वाजवलं नाही. पाळणासुद्धा थांबलेला होता. तिचे हात पट्ट्यांवरून उठले ते हवेतच राहिले, आणि सोल्डरच्या बारीक डागांनी भरलेली आपली बोटं तिने शांतपणे पाहिली, जशी ती निकालाचा आकडा बघायची, लिहून घ्यायच्या आधी, एकटीने. बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं.

मग एकोडी उठली. शिट्ट्या, आरोळ्या, हवेत गमछे. देवकाबाई शेजारणीचा दंड हलवत होती, "मी म्हनलं नव्हतं? म्हनलं नव्हतं का मी?" तेजराम स्टुलाकडे तोंड करून उभा होता, काठ्या हातात, डोळ्यांतून पाणी, आणि हात मात्र निमूटपणे स्वतःपाशी धरलेले. रंगवलेल्या तोंडाने चिंधूबुवा मंचावर चढले. ते अगदी तिच्यासमोर आले आणि ऑर्गनवर वाकून, लहान मुलाने गोष्ट पुन्हा मागावी तशा आवाजात म्हणाले,

"बाई, अजून एकदा चूक नं वो!"

कुंता खळखळून हसली. स्टूल पुढे ओढून तिने तेजरामला पुन्हा तिच्याकडे पाठ करून बसायची खूण केली, आणि आठ मोजले.